आईंचा काकडा चुकला: गाणं, दम आणि देव

दौलतगंजची_सून
१२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागातल्या दौलतगंजात जुनं घर. सासूबाई ७४ वर्षांच्या, मी त्यांना आईच म्हणते. लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात शेगडी आणि लाकडाची चूल होती. गॅस आला तोही उशिरा, आणि आला तरी न्हाणीचं पाणी, पुरण, सणासुदीचा स्वयंपाक चुलीवरच. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, छताला एक झरोका तेवढा होता. बिडी-सिगारेट घरात कुणी ओढली नाही. तरी दोन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायची तपासणी केली आणि सीओपीडी सांगितलं, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या नळ्या अरुंद होऊन दम लागायचं कायमचं दुखणं. पंप सुरू आहे, सकाळ-संध्याकाळ.

आई आमच्या इथल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गातायत. कोजागिरीनंतर काकडा लागला की पहाटे साडेचारला शाल गुंडाळून देवळात जाणार, थंडी असो, धुकं असो. यंदा तिसऱ्या दिवशी काय झालं ते मी बघितलं, कारण सोबत मीच होते. देवळाच्या पायऱ्या चढून गेल्या, झांज हातात घेतली, पहिली ओळ उचलली आणि ओळीच्या मध्येच दम तुटला. बाकीच्या बायका पुढे गेल्या. आईंनी तोंड बंद केलं आणि शेवटपर्यंत फक्त झांज वाजवली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू जा, मला आज बरं वाटत नाही." त्यानंतर गेल्याच नाहीत. पण साडेचारला उठून अंधारात पलंगावर बसलेल्या असतात आणि ओठ हलत असतात. आवाज नसतो.

डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामाचा कागद दिलाय. चार दिवस केला, पाचव्या दिवशी तो देवघराच्या फळीवर गेला, अजून तिथेच आहे.

माझा प्रश्न एवढाच. या दुखण्यात माणसाने गावं का? की गाण्याने दम आणखी वाढतो? मंडळातल्या काकू म्हणतात आता फक्त ऐका. यजमान म्हणतात डॉक्टरांना विचार. डॉक्टरांकडे बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, तिथे "गाऊ का" हे विचारायला आईंनाच लाज वाटते.

छातीचा_डॉक्टर_बडोदं
१३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

ताई, लाज वाटण्यासारखं काही नाही, हा अगदी रास्त प्रश्न आहे. बडोद्याला याच आजाराचे रुग्ण बघतो म्हणून लिहितो. मी तुमच्या सासूबाईंना तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा.

आधी दम का लागतो ते सांगतो. लोकांना वाटतं हवा आत जात नाही. खरी अडचण हवा बाहेर न पडण्याची असते. धुराने फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचा आधार सैल होतो. श्वास सोडताना त्या मिटतात आणि हवा आत अडकून बसते. वरून पुढचा श्वास घ्यायचा, म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी ओतायचं. माणूस घाबरून भरभर श्वास घेतो, बाहेर पडायला वेळ आणखी कमी मिळतो, हंडा आणखी भरतो.

म्हणून आम्ही शिकवतो की ओठ गोल करून, चहावर फुंकर घालतो तसा श्वास हळूहळू सोडा. ओठांपाशी थोडा अडसर झाला की नळ्यांमध्ये उलटा दाब राहतो आणि त्या उशिरा मिटतात. आता विचार करा, लांब सूर लावताना माणूस काय करतो? घसा थोडा आवळून हवा बेताबेताने सोडतो. व्यायामाच्या कागदावर जे लिहिलंय त्याचीच ही गायकांची पद्धत.

पुरावा किती? कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे अभ्यास तपासून निष्कर्ष काढते. २०१७ मध्ये त्यांनी सीओपीडी आणि गाणं यावरचे अभ्यास गोळा केले. तीनच सापडले, मिळून ११२ माणसं. शारीरिक दृष्टीने लोकांना बरं वाटण्यात फरक दिसला, त्रास झाल्याचं आढळलं नाही, पण पुरावा अजून कच्चा आहे असं त्यांनीच स्पष्ट लिहिलं. बिघडलेली नळी गाण्याने पूर्ववत होत नाही. असलेल्या फुप्फुसात माणूस जास्त निवांत जगू शकतो.

गावं. पण बसून, जेवणानंतर लगेच नाही, श्वास कोंडून धरायचा नाही, चक्कर आली तर थांबायचं. पंप एक दिवसही चुकवायचा नाही. आणि पायावर सूज, ओठ निळसर, कफाचा रंग बदलणं यातलं काही दिसलं तर गाणं-बिणं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

खर्ज_साधक
१३ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मीही ग्वाल्हेरचाच, जीवाजी गंजात शिकवणी घेतो. डॉक्टरसाहेबांनी शरीराचं सांगितलं, मी पट्टीचं विचारतो. मंडळाची पेटी कुठल्या स्वरात लागते?

दौलतगंजची_सून
१३ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

काळी पाच, पेटीची पाचवी काळी पट्टी. कायम.

खर्ज_साधक
१३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

तिथेच घोळ आहे. ७४ व्या वर्षी, त्यात असं फुप्फुसाचं दुखणं, आणि काळी पाच! मंडळात एकीच्या तरण्या आवाजासाठी बाकी दहाजणी आयुष्यभर ओरडून गातात, हे मी गावोगाव बघितलंय. चढा सूर लावायला खालून जोर जास्त लागतो, हवा लवकर संपते. काकूंना घरी काळी दोनवर, खालच्या पट्टीत बसवा. आणि सुरुवात पदाने करू नका, नुसता षड्ज, म्हणजे सा. मग हळूहळू खाली, मंद्र निषाद, धैवत, जिथपर्यंत आवाज आपणहून जाईल तिथपर्यंत. पहाटे. तशाही त्या साडेचारला उठून बसतातच.

आमच्या गावाला या बाबतीत दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात.

पहिली ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँसाहेबांची. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की दरबारात बडे मोहम्मद खाँसमोर त्यांनी 'कडक बिजली'ची तान घेतली, ईर्ष्येने पुन्हा घेतली, बरगडी निखळली, तोंडातून रक्त आलं आणि ते त्यातच गेले. आख्यायिकाच ती, पण माझे गुरुजी ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायचे आणि म्हणायचे, दमाशी भांडू नकोस.

दुसरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची. १८४९ चा जन्म. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशांकडे राहून शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. मुंबईत जम बसत होता, तर दम्याने गाठलं. मुंबई सोडून मिरजेकडे जावं लागलं. दमेकरी माणूस, आणि त्याच मिरजेत त्यांनी विष्णु दिगंबर पलुस्करांसारखा शिष्य घडवला. महाराष्ट्रात आज जे ख्याल गायलं जातं त्यातलं किती या एका माणसाकडून आलंय याचा हिशोब मांडा, आणि मग काकूंना "आता फक्त ऐका" म्हणणाऱ्यांना सांगा.

विजयनगर_इंदूर
१४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

ताई, मला एक यादी आली होती, कुठल्या विकारावर कुठला राग. रक्तदाबाला एक, मधुमेहाला एक, दम्याला दोन, निद्रानाशाला दरबारी. मी रोज रात्री दरबारी लावतो, छान झोप लागते. तुमच्या आईंसाठी दम्याचे राग पाठवू का? बसून ऐकायचे फक्त, कष्ट काहीच नाहीत.

मुक्ता_पलासिया
१४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

दादा, मीही इंदूरचीच, आणि ही यादी आमच्या घरात येऊन गेलीय म्हणून कळकळीने लिहिते. माझ्या मामांनी तिच्यावर भरवसा ठेवून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिने सकाळ-संध्याकाळ राग ऐकले, अगदी श्रद्धेने, उदबत्ती लावून. पायाच्या अंगठ्याला साधं बूट चावलं होतं, ती जखम भरेना. अंगठा काढावा लागला. आता मामांसमोर घरात कुणी गाणं लावत नाही, आणि मामा स्वतः सुंदर बासरी वाजवायचे. गोळ्या थांबल्याचं दुःख एकीकडे, पण त्यांचं गाणंही गेलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुम्हाला झोप लागते ती खरीच आहे, दादा. दरबारी संथ, खालच्या सुरांत रेंगाळणारा, रात्रीची वेळ, दिवा मालवलेला. लागणारच. पण तेवढ्यावरून मधुमेहाचा राग कसा ठरवायचा?

छातीचा_डॉक्टर_बडोदं
१४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मुक्ताताई, वाचून हात थबकला. असे रुग्ण आम्ही बघतो.

संगीताने काय होतं याची मोजमापं झालेली आहेत, आणि ती यादीपेक्षा कितीतरी सुंदर आहेत. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी संगीत ऐकवण्याच्या सत्तरहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. वेदना कमी, धास्ती कमी, वेदनाशामक औषधही कमी लागलं. दवाखान्यातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. २००८ साली फिनलंडमध्ये अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काही रुग्णांना दोन महिने रोज गाणी ऐकवली, काहींना पुस्तकांचं वाचन ऐकवलं, काहींना काहीच नाही. गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष जास्त सुधारलं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की गाणी रुग्णांच्या स्वतःच्या आवडीची होती. कुणी बाहेरून यादी लावली नव्हती.

आणि सासूबाईंच्या जवळचा एक अभ्यास. २००१ साली इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली, एकदा 'ॐ मणि पद्मे हूं' हा बौद्ध मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण त्याच्या दुपटीहून जास्त वेळा श्वास घेतो. त्या संथ लयीत हृदयाची गती आणि रक्तदाब एका तालात हलायला लागले आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त सजग झाली. दोन धर्म, दोन भाषा, आणि एका श्वासात मावणारी ओळ साधारण तेवढीच लांब. मी हे वाचलं तेव्हा मला आजोबांचं रामरक्षा म्हणणं आठवलं होतं.

ढोलीबुवा_पूल
१५ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

कीर्तन ऐकत वाढलेला माणूस, म्हणून दोन शब्द. डॉक्टरसाहेबांनी दोन धर्मांचं लिहिलं, तर आपल्या ग्वाल्हेरात ते दगडात बांधून ठेवलंय. तानसेन समारोहाची सुरुवात कशाने होते? पहिल्या दिवशी सकाळी समाधीपाशी शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा आणि त्यानंतर मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान. मराठी कीर्तनाची परंपरा सांगणारे बुवा एका कबरीसमोर उभे राहून नामाचा महिमा सांगतात, लोक दोन्ही ऐकून उठतात. परगावचे लोक चकित होतात, आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आणि तानसेनांची समाधी ज्या मोठ्या मकबऱ्याच्या आवारात आहे तो शेख मुहम्मद गौस यांचा. सोळाव्या शतकातले शत्तारी पंथाचे सूफी. त्यांनी काय केलं होतं माहीत आहे? 'अमृतकुंड' नावाचा हठयोगावरचा ग्रंथ फारसीत आणला, त्याचं नाव 'बहर-उल-हयात', जीवनाचा सागर. आसनं, ध्यान आणि श्वास यांवरचा ग्रंथ. म्हणजे ज्या गावात ध्रुपद वाढलं, त्या गावातला सूफी योग्यांचा श्वासावरचा ग्रंथ आपल्या मुरिदांसाठी, शिष्यांसाठी, भाषांतरित करत बसला होता. मी हजिऱ्याला, त्या मकबऱ्याकडे, गेलो की त्या जाळ्यांपाशी बसून हेच डोक्यात घोळवतो.

आपल्याकडेही निराळं नाही. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे होता, घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा वैद्य. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त राग येण्याच्या कितीतरी आधी शरीर येतं. गर्भ कसा वाढतो, नाड्या कुठे असतात, मग नाभीपासून प्राण आणि अग्नी मिळून नाद कसा वर चढतो. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. वैद्याच्या घरातला माणूस गाण्याचा ग्रंथ लिहायला बसला आणि देह सांगितल्याशिवाय त्याला पुढे जाववेना.

ताई, आईंना हरिकथेला नक्की आणा.

दौलतगंजची_सून
२४ नोव्हेंबर, रात्री ११:००

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, डोळे भरून आले. आता इकडचं सांगते.

पेटी माळ्यावर होती, माझ्या सासऱ्यांची. भाता एका कडेला उंदरांनी कुरतडलेला, यजमानांनी कातडी पट्टी चिकटवली. पहाटे पावणेपाचला खोलीचं दार लोटून घेतलं, खिडकीची फट जुन्या साडीने बुजवली, कारण आमच्या गल्लीत थंडीत शेकोट्या पेटतात आणि धूर आत येतो. काळी दोन दाबून धरली. आईंना म्हटलं, "सा लावा."

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि मोबाईलवर सेकंद मोजायला बसले. पाच सेकंद. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा चार आणि खोकला. आईंची नजर सारखी त्या लाल आकड्याकडे. ९२ चा ९१ झाला की चेहरा उतरायचा. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी त्यांनी ते यंत्र बोटातून काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू दम मोजतेस म्हणून मलाही दमच दिसतो. पेटी धर. मला सूर ऐकू दे."

मी मोबाईल उलटा ठेवला. त्यांनी डोळे मिटले. आणि मंडळी, तो सूर पेटीत विरघळला. म्हणजे कसं सांगू, आधी आईंचा आवाज आणि पेटीचा आवाज असे दोन ऐकू येत होते, मग एका क्षणी दोन उरले नाहीत. खांदे जे कायम कानाला लागलेले असतात ते खाली आले. मानेच्या शिरा दिसेनाशा झाल्या. किती वेळ गेला ते मोजलं नाही. संपला तेव्हा खोकला आला नाही, त्यांनी सावकाश श्वास घेतला आणि पुन्हा लावला.

कागद अजून फळीवरच आहे. पण व्यायाम रोज चाललाय. मी एकदा विचारलं, तो कागद का नाही करत? म्हणाल्या, "ते दुखण्याचं आहे. हे देवाचं आहे."

खर्ज_साधक
२५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

ताई, हे वाचून मी आज शिकवणीत सगळ्या मुलांना वाचून दाखवलं.

एक मात्र मनात होतं ते बोलतो. मागचे काही प्रतिसाद वाचून मी थोडा अस्वस्थ होतो. सूर म्हणजे फुप्फुसाचा व्यायाम, जप म्हणजे रक्तदाबाची गोळी, असं बोलायला लागलो तर उद्या व्यायामाचं यंत्र स्वस्त मिळालं की लोक सूर सोडून देतील. षड्ज कशासाठी लावायचा? षड्जासाठी. काकूंनी ते मोजण्याचं यंत्र काढून दिलं, त्यांना हे कुणी न सांगता कळलं.

छातीचा_डॉक्टर_बडोदं
२५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मान्य. पण मला आकडे सोडता येणार नाहीत, साधकबुवा, माझं काम ते आहे. गाताना यंत्र नको, अगदी बरोबर. दिवसातून एकदा, गाण्याच्या वेळेपासून लांब, ताईंनी ते बघावं आणि लिहून ठेवावं. आईंना दाखवू नये.

दौलतगंजची_सून
४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

घाईत लिहितेय. आईंचा आवाज बसलाय, चार दिवस झाले. घोगरा झालाय, मंद्रात तर निघतच नाही. ताप नाही, कफ नेहमीसारखाच. खर्जाने, या खालच्या सुरांनी, घसा बिघडला का? बंद करू?

छातीचा_डॉक्टर_बडोदं
४ डिसेंबर, रात्री ८:००

पंप घेतल्यावर चुळा भरतात का? आणि पंप थेट तोंडात मारतात की मध्ये ती फुग्यासारखी नळी, स्पेसर, लावतात?

दौलतगंजची_सून
४ डिसेंबर, रात्री ८:२०

थेट. चुळा नाही, पंपानंतर लगेच चहा पितात.

छातीचा_डॉक्टर_बडोदं
४ डिसेंबर, रात्री ८:३५

पंपात स्टेरॉइड असेल तर ते घशात, स्वरयंत्रावर बसतं. आवाज घोगरा होतो, कधी तोंडात पांढरी बुरशीही धरते. टॉर्च लावून जीभ आणि टाळू बघा. स्पेसर आणा. पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, मग चहा. तुमच्या डॉक्टरांना एकदा घसा दाखवा, पांढरं दिसलं तर औषध लागेल. पंप मनाने बंद करू नका, लोक हीच चूक करतात. आठवडाभर गाणं थांबवा.

ढोलीबुवा_पूल
५ डिसेंबर, पहाटे ६:१०

ताई, तानसेनांच्या समाधीजवळच्या चिंचेची चार पानं आणून देऊ का? आवाजासाठी लोक लांबून येऊन खातात. औषध म्हणून म्हणत नाही. गुळण्या चालू राहू देत.

गोठवाला
६ डिसेंबर, दुपारी १२:५०

इतके दिवस वाचत होतो. माझ्या वडिलांना कंपवात आहे. उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहतात, ढकललं तर पडतात. फिजिओवाल्या ताईंनी सांगितलं की ठोका द्या. डोक्यातली आतली लय ढिली पडते, तर बाहेरून लय दिली की पाय तिच्यावर चालतात. १९९० च्या दशकापासून यावर काम झालंय म्हणाल्या. त्यांनी मोबाईलवर टिकटिक लावून दिली होती, बाबांना तिचा राग यायचा. बाबा लहानपणी दिंडीत टाळ धरायचे. मी आता उंबरठ्याशी टाळ वाजवतो, ज्ञानोबा-तुकारामाचा ठेका, दोन वेळा वाजवायचा आणि तिसऱ्यावर पाऊल. स्वयंपाकघरातून अंगणात येतात आणि येताना डावा हात आपोआप छातीपाशी टाळ धरल्यासारखा होतो.

धाग्याशी संबंध आहे असं वाटलं म्हणून लिहिलं.

मुक्ता_पलासिया
६ डिसेंबर, रात्री १०:३०

गोठवाला, संबंध आहेच. मी तुमचं लिहिलेलं मामांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. पण जेवण झाल्यावर विचारलं, "बासरीची पेटी कुठे ठेवलीस?"

विजयनगर_इंदूर
७ डिसेंबर, सकाळी ९:००

मुक्ताताई, ती यादी मी ज्यांना ज्यांना पाठवली होती त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, औषध थांबवू नका. एकाने थांबवलं होतं. मामांना माझा नमस्कार.

दौलतगंजची_सून
२१ डिसेंबर, रात्री ११:४५

टाळूवर पांढरे ठिपके निघाले होते. औषधाने गेले. स्पेसर आणला, चुळांची तांब्या-वाटी पलंगाखाली ठेवली. आवाज आठव्या-नवव्या दिवशी सुटला.

तानसेन समारोहातल्या हरिकथेला गेलो होतो. आईंसाठी खुर्ची नेली होती, पण त्या सतरंजीवरच बसल्या, खांबाला टेकून. सकाळचं ऊन होतं, धुकं लवकर उठलं. शहनाई झाली. बुवा उभे राहिले आणि मध्ये एके ठिकाणी त्यांनी नामघोष लोकांकडे सोडला, सगळ्यांनी म्हणायचं. तो सूर काळी दोन नव्हता, बराच चढा होता. मी आईंकडे बघितलं. त्यांनी वरचा सूर धरला नाही. तोच घोष त्या खालच्या सप्तकात, स्वतःपुरत्या, म्हणत होत्या. लोकांची ओळ संपायच्या थोडं आधी थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुढच्या ओळीला बरोबर समेवर हजर. कुठेच दम तुटला नाही. शेजारी एक बुरखा घेतलेल्या बाई बसल्या होत्या, मीलादसाठी आलेल्या. त्यांनी आईंना सरकून जागा दिली आणि विचारलं, "अम्माजी, आप गाती हैं?"

आई म्हणाल्या, "हाँ, गाती हूँ."

'थी' नाही म्हणाल्या. मी ऐकलं.

येताना ढोलीबुवा_पूल यांनी सांगितल्याप्रमाणे चिंचेचं एक पान खाली पडलेलं उचललं. आईंनी ते खाल्लं नाही, पदराच्या टोकाला बांधलं. घरी आल्यावर देवघराच्या फळीवर ठेवलं, त्या व्यायामाच्या कागदावर.

मंडळाच्या काकू काल आल्या होत्या. विचारत होत्या, गुरुवारचं भजन काळी दोनवर केलं तर बाकीच्यांना जमेल का. मी म्हटलं, उद्या पहाटे पावणेपाचला या, पेटी लावलेलीच असते.